डावरी गाठ

धक्क्यावर कुणालाही विचारा, हे जाळं कुणाच्या हातचं, तर तो खांदे उडवेल. तेवढं बघतंय कोण? मासे आत राहिले म्हणजे झालं. पण डावरेकाकांच्या हातात कुठल्याही जाळ्याचा वीतभर तुकडा द्या, ते डोळे मिटायचे, अंगठ्याने दोन-चार गाठी चाचपायचे आणि सांगायचे, हे बर्फाच्या कारखान्यामागच्या म्हाताऱ्याचं, हे त्याच्या भावाचं, आणि हे ज्याने विणलंय त्याने कृपा करून पुन्हा सुई हातात धरू नये. यात बढाई होतीच, नाही कशाला म्हणा. पण बढाई खरी होती.

काका डावखुरे. धक्क्यावर जाळी विणणारे आणि दुरुस्त करणारे सात-आठ जण होते. सगळ्यांच्या गाठीचा पीळ उजवीकडे जायचा, यांचा एकट्याचा डावीकडे. त्यावरून नाव पडलं डावरे. आईबापांनी ठेवलेलं नाव शाळेच्या दाखल्याला तेवढं ठाऊक होतं, आणि तो दाखलाही उंदरांनी खाल्ला होता.

वडीलही जाळीच विणायचे. इतरांची मुलं बापाच्या शेजारी बसून शिकली, पण काकांना शेजारी बसून काही केल्या जमेना, सगळं उलटंच व्हायचं. वडिलांनी आठवडाभर कपाळाला हात लावला आणि मग एक दिवस ते उठून समोर येऊन बसले. गुडघ्याला गुडघा टेकवून म्हणाले, "मी उजव्याने करतो, तू डाव्याने कर. माझ्या हाताकडे बघ, मी चुकलो तर मला सांग." सात वर्षांच्या पोराला बापाची चूक काढायची मुभा मिळाली, मग काय विचारता! पोरगं चार दिवसांत शिकलं.

तेव्हा जाळी सुताची होती. झाडाची साल उकळून त्या लाल पाण्यात ती बुडवायची, खांबांवर वाळत घालायची, आणि हे सारखं करत राहायचं. नाहीतर कुजायची. एवढं करूनही दोन-तीन वर्षांत जाळं जीर्ण व्हायचंच. मग ते होडीत घालून लांब, खोल पाण्यात सोडून द्यायचे. वडील म्हणायचे, "जिथं राबलं तिथंच जाऊ दे." काकांनी एकदा विचारलं, की मग त्या सोडलेल्या जाळ्यात मासे नाही का अडकणार?  वडिलांनी जुन्या जाळ्याचा एक तुकडा कापला, दगडाला बांधला आणि धक्क्याच्या सगळ्यात खालच्या पायरीशी पाण्यात सोडला. दोन महिन्यांनी काढला तर हातात आला नुसता लगदा. बोटांच्या फटींतून गळून गेला. "बघितलंस?" वडील म्हणाले. "समुद्र खातो."

काकांनी बघितलं. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली गोष्ट माणूस मरेपर्यंत धरून ठेवतो, आणि सगळा घोळ तिथंच झाला.

वडील गेल्यावर दोन वर्षांनी नायलॉन आलं. एक विक्रेता दोन पिशव्या घेऊन धक्क्यावर उतरला, हिरवा चकचकीत धागा त्याने सगळ्यांच्या हातात दिला. हलका, ओला ठेवला तरी चालेल, उकळायला नको, वाळवायला नको. बायकांनी साल उकळायचे हंडे त्याच आठवड्यात भंगारात घातले. एकच खोट होती. धागा गुळगुळीत, त्यावर सुताची गाठ टिकेना, घसरायची. सगळ्यांनी हात टेकले. काका तीन दिवस जेवणापुरते उठले आणि चौथ्या दिवशी त्यांनी गाठीत एक वळसा जास्तीचा घातला. मग एका बोटीचं जुनं यंत्र त्या एका धाग्याला टांगून दाखवलं. धागा तुटला, यंत्र आपटलं, फरशीला भोक पडलं. गाठ होती तशीच होती. "माझी गाठ सुटत नाही," काका म्हणाले, आणि पुढे चाळीस वर्षं म्हणत राहिले. ऐकून ऐकून लोकांचे कान किटले, पण खोटं आहे असं कुणी म्हणालं नाही.

धागा बदलला, गाठ बदलली, सवय तेवढी बदलली नाही. जुनं झालेलं नायलॉनचं जाळंही होडीत चढायचं आणि खोल पाण्यात जायचं. पुन्हा एक तुकडा दगडाला बांधून बघावा, दोन महिन्यांनी काढावा, एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही. काकांच्याही नाही. इतका हुशार माणूस, पण बापाने दाखवलेलं पुन्हा कशाला तपासायचं?

काकांना एकच मुलगी. ती दहा वर्षांची असताना तिची आई तापाने गेली. तेव्हापासून शाळा सुटली की पोर जाळ्यांच्या शेडमध्ये यायची. पत्र्याचं छप्पर, आकड्यांना टांगलेली जाळी, खाली धाग्याच्या कापट्या, आणि समुद्राच्या बाजूने भिंतच नाही अशी ती शेड. ती काकांच्या समोर पोत्यावर बसायची. ती उजव्या हाताची, म्हणून तिलाही समोरासमोरच शिकवावं लागलं. काकांनी गुडघ्याला गुडघा टेकवला आणि तेच सांगितलं, मी चुकलो तर मला सांग. पंधराव्या वर्षी ती डोळे मिटून गाठी ओळखायला लागली. काका तोंडावर कधी कौतुक करायचे नाहीत, पण ती घरी गेली की शेजारच्या विणकराला एवढं सांगायचे की तो बिचारा हातातलं काम टाकून बिडी प्यायला जायचा.

मोठी झाल्यावर ती बर्फाच्या कारखान्यात लागली. लादी फोडायच्या यंत्रावर तिचं काम. लग्न केलं बोटीच्या यंत्रावर काम करणाऱ्या एका मुलाशी, म्हणजे घरात दोन्हीकडे यंत्रंच. जावई तोंडाचा वाचाळ. सकाळी शेडमध्ये चहाला यायचा आणि कप रिकामा झाला तरी बोलत बसायचा. काका त्याला रागावले की "जावईबापू" म्हणायचे, एरवी नुसतं "काय रे". जीव होता त्यांचा त्याच्यावर. बोटीच्या पंख्यात काही अडकलं की दातांत सुरी धरून तोच पाण्यात उतरायचा, इतर कुणी उतरलेलं त्याला खपायचं नाही.

आणि अडकायला काय कमी होतं? पुढे पुढे समुद्रातून टोपलीभर मासळी आली की टोपलीभर कचरा यायचा. काकांचा निम्मा दिवस जाळ्याच्या डोळ्यांत रुतलेल्या पिशव्या उपटण्यात जायचा. शाम्पूच्या पुड्या, बाटल्या, दात घासायचे ब्रश, चपला, एकदा बाहुलीचा नुसता हात. काका प्रत्येक वस्तू उपटताना एक शिवी द्यायचे. धक्क्यावर फिरायला आलेल्या कुणी वेफर्सची पिशवी खाली टाकली की झालंच. "घरात असंच टाकता का हो? तुमच्या अंथरुणात टाकतो आणून, चालेल?" एका शाळेच्या बाई मुलांना घेऊन आल्या, तेव्हा काकांनी पाऊण तास भाषण ठोकलं. प्लॅस्टिकने समुद्र कसा मरतोय, माणूस किती नालायक आहे. मुलांनी टाळ्या वाजवल्या. काकांच्या पाठीमागे तेव्हा दुसऱ्या दिवशी समुद्रात टाकायचं जुनं जाळं रचून ठेवलेलं होतं. कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. जाळं म्हणजे कचरा थोडाच?

जावयाला मात्र दिसलं. त्याच्या बोटीचं मोठं जाळं होतं, काकांनी एकट्याने अख्खं हाताने विणलेलं. ते विरलं, दुरुस्तीपलीकडे गेलं. जावई चहा पिता पिता म्हणाला, "मामा, आता बंदराच्या ऑफिसात जुनी जाळी घेतात. वितळवून बाकडी करतात म्हणे, कुंड्या करतात. देऊन टाकू या का?"

"माझ्या जाळ्याची कुंडी?" काकांनी सुई खाली ठेवली.

"तसं नाही हो. पण हे नायलॉन सडत नाही ना. खाली पडून राहतं, नाहीतर वाहत फिरतं. मी उतरतो ना पाण्यात, मी बघतो."

"जावईबापू, तुम्ही जन्मायच्या आधीपासून जाळी सोडतोय आम्ही. समुद्र खातो. तुम्ही यंत्राकडे बघा."

मुलगी जेवणाचा डबा घेऊन नुकतीच आली होती, दारात उभी होती. तिने दोघांकडे बघितलं आणि नवऱ्याला बाजूला घेऊन काहीतरी म्हणाली. काकांना ते ऐकू आलं नाही. जावई गप्प झाला, आणि तो गप्प झाला हेच नवल होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी बोट परत आल्यावर तो शेडमध्ये आला आणि "सोडलं, मामा" एवढंच म्हणाला. चहा घेतला नाही.

त्यानंतर साडेतीन वर्षांनी, भर दुपारी, सपाट समुद्रात त्याच्या बोटीचा पंखा अडकला. दातांत सुरी धरून तो उतरला. खाली वाहत आलेलं कुणाचं तरी जाळं होतं, त्याने पंख्याभोवतीचं कापत आणलं, आणि उरलेल्या जाळ्याने त्याचे पाय धरले. वरच्यांना वाटलं, कापतोय. दोघे उतरले तोवर उशीर झाला होता. त्यांनी घोट्याजवळ जाळं कापून त्याला वर घेतलं. बाकीचं जाळं सुटलं आणि वाहत पुढे गेलं.

हॉस्पिटलमधून त्याच्या वस्तू मिळाल्या त्या पारदर्शक पिशवीत. पट्टा, चावी, शर्ट आणि घोट्यातून काढलेला जाळ्याचा तुकडा. कुणीतरी तोही त्याचाच समजून घातला होता.

आठवड्याने मुलगी शेडमध्ये आली. रडून रडून तिचा चेहरा उतरला होता, पण आवाज शांत होता. पोत्यावर बसली, काकांच्या समोर. पिशवीतून तुकडा काढून त्यांच्या हातात दिला.

"बाबा, तुम्हाला कळतं ना? सांगा, हे कुणाचं?"

काकांना डोळे मिटायची गरज पडली नाही. अंगठा पहिल्या गाठीवर टेकला आणि तिथंच थांबला. पीळ डावीकडे. एक वळसा जास्तीचा. आणि एवढा जाड धागा त्यांनी एकाच जाळ्याला वापरला होता, जावयाच्या बोटीच्या. हिरवा रंग उडून पांढरट झाला होता, धाग्याला बारीक शेवाळ धरलं होतं, पण गाठ काल बांधल्यासारखी आवळलेली होती. त्यांनी दुसरी चाचपली, तिसरी चाचपली. कुठेतरी एखादी दुसऱ्याची निघेल असं वाटत होतं की काय कोण जाणे. नंतर ते म्हणाले, आणि म्हणताना त्यांना स्वतःचाच आवाज परका वाटला, "यंत्राने विणलेलं आहे गं. कारखान्यातलं. लांबच्या एखाद्या मोठ्या बोटीचं असणार. असं कळायला मार्ग नसतो."

मुलीने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग तुकडा घेतला, पिशवीत घातला, "बरं" म्हणाली आणि गेली.

त्या दिवसापासून काकांचे हात बिघडले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या गाठी घसरायला लागल्या, कारण जास्तीचा वळसा घालायला बोटं तयारच होईनात. बोटवाले समजूतदार, दुःखात आहे म्हातारा, चालायचंच, म्हणाले. फिरायला आलेल्यांनी पिशव्या टाकल्या तरी काकांच्या तोंडून शब्द निघेना. आणि मनात एक वेडी आशा धरून बसले. वडील खोटं बोलणारे नव्हते. समुद्र खातो. कदाचित नायलॉनला वेळ लागत असेल, हळूहळू खात असेल. साडेतीन वर्षांचा तुकडा हातात धरून झाल्यावरही ते स्वतःला असं समजावत होते, याला काय म्हणायचं? त्यांनी नायलॉनच्या जाळ्याचा वीतभर तुकडा कापला, दगडाला बांधला, आणि वाकवत नव्हतं तरी सगळ्यात खालच्या पायरीपर्यंत उतरून, वडिलांनी सोडला होता तिथंच सोडला.

मुलगी रोज संध्याकाळी त्यांना डबा आणून द्यायची. काय बाबा, बरं आहे ना, विचारायची. समोरच्या पोत्यावर थोडा वेळ बसायची. काका खाली मान घालून जेवायचे. ती थांबायची, मग रिकामा डबा घेऊन जायची.

दोन महिने झाल्यावर काका पुन्हा पायऱ्या उतरले. दगड वर ओढला. तुकड्याला थोडा चिखल लागला होता. त्यांनी तो पाण्यात खळबळला, चिखल निघून गेला, आणि हातात राहिलं ते नवंकोरं जाळं. हिरवंगार. एक धागा विरला नव्हता. काका तिथंच ओल्या पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. धोतर भिजलं, पाय गार पडले, वर उभं राहून दोघं-तिघं बघत होते, पण त्यांना कशाचंच भान नव्हतं. आजवर किती जाळी सोडली होती? मोजदाद कुणी ठेवलीय? सगळी तिकडे होती. एकूण एक.

तो ओला तुकडा हातात घेऊन ते तसेच मुलीच्या घरी गेले. सुटीचा दिवस होता, ती कपडे वाळत घालत होती. दाराआड खुंटीला जावयाचा रेनकोट अजून टांगलेला होता. काका उंबऱ्यातच उभे राहिले.

"ते जाळं माझं होतं," ते म्हणाले. "मी विणलेलं. त्याच्या हातून टाकायला लावलेलं. त्या दिवशी तुझ्याशी खोटं बोललो."

तिने हातातला ओला कपडा पिळला, दोरीवर टाकला, चिमटा लावला.

"माहीत आहे, बाबा."

"कधीपासून?"

"हॉस्पिटलात पिशवी दिली तेव्हापासून. तुमच्यासमोर बसून शिकलेय मी. दुसऱ्या कुणाची नाही ओळखली तरी तुमची नाही ओळखणार?"

"मग मला विचारायला कशाला आलीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून." आता तिचा आवाज फुटला. "रोज येत होते. रोज वाटायचं, आज सांगतील. यंत्राने विणलेलं म्हणालात ना, तेव्हा वाटलं, हे गेले ते गेलेच, आता बापही उरला नाही."

 काका दाराला धरून खाली बसले. ती जवळ आली, उभीच राहिली, आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "तुम्ही सांगितलंत की मग मलाही माझं सांगता येईल, असं वाटत होतं. त्या दिवशी हे ऐकत नव्हते, बाबा. परस्पर ऑफिसात देऊन टाकणार होते जाळं. मीच बाजूला घेऊन म्हटलं, बाबांचं मन मोडू नका, एवढ्याशा जाळ्याने काय होतंय, टाकून या." ती खाली बसली. "माझ्यासाठी टाकलं त्यांनी. तुमच्यासाठी नाही."

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.  मग त्यांनी विचारलं, "कुठं आहे तो तुकडा?"

तिने कपाटातून पिशवी आणली. काकांनी तुकडा बाहेर काढला, फरशीवर मांडी घालून बसले आणि पहिल्या गाठीत नख घातलं. जन्मभर गाठी बांधल्या, सोडवायचं काम कधी पडलंच नव्हतं.

"काय करताय?"

"सोडवतो."

"बाबा, ती सुटत नाही."

काका ऐकेनात. नख मोडलं, दुसरं घातलं. दातांनी ओढून बघितली. मुलगी बघत राहिली, मग उठून त्यांच्या समोर येऊन बसली, गुडघ्याला गुडघा टेकवून, आणि दुसऱ्या बाजूने तिनेही त्याच गाठीत बोटं घातली. ती उजव्या हाताने ओढत होती, काका डाव्या. दोरीवरचे कपडे वाळले. संध्याकाळ झाली तरी दोघं तिथंच बसले होते, आणि पहिलीच गाठ अजून सुटायची होती.